चित्रपटाचा गल्ला आणि देशोदेशीच्या वेशी

एखादा चित्रपट प्रदर्शित होऊन चार दिवस लोटले की त्याच्या कमाईचे आकडे वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. मुंबईत इतके, दिल्लीत इतके, अमेरिकेत इतके, चीनमध्ये इतके. आणि अखेर या सर्वांची बेरीज करून ‘जगभरातली कमाई’ म्हणून एक जाड ठशातला आकडा. चहाच्या दुकानापासून आगगाडीच्या डब्यापर्यंत त्या आकड्याची चर्चा होते, आणि ज्याचा आकडा मोठा तो चित्रपट लोकांना अधिक आवडला, असा निकालही तिथल्या तिथे लागतो.

आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कचेरीत गेले. कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यास आम्ही तेथेच शिकलो आणि तेथेच एक खोड जडली. मोठा आकडा दिसला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. हा कशात मोजला? कोणाच्या नियमाने मोजला? आणि यातला कोणाच्या हाती किती पडला? आज हेच तीन प्रश्न चित्रपटाच्या गल्ल्याला विचारावयाचे आहेत. एकच चित्रपट एका देशात गर्दी खेचतो आणि दुसऱ्या देशात त्याचे खेळ ओस पडतात, याचे कारण काही अंशी लोकांच्या आवडीनिवडीत आहे, हे खरे. परंतु पुष्कळसे कारण त्या त्या देशाच्या वेशीवर आहे, आणि ते आवडीनिवडीइतके सहज दिसत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम हा माल कोणत्या जातीचा आहे ते पाहू. गिरणीत एक धोतरजोडी विणली तर दुसरीसाठी पुन्हा कापूस लागतो, वाफ लागते, मजुरी लागते. चित्रपटाचे तसे नाही. सारा खर्च पहिल्या प्रतीवर होतो. दुसरी प्रत काढावयास त्या मानाने काहीच लागत नाही. घरच्या बाजारात खर्च भरून निघाला की परदेशात जी किंमत येईल ती जवळजवळ निव्वळ प्राप्ती. म्हणून चित्रपटाला सर्व जगात एक भाव कधीच नव्हता. जेथे जेवढे मिळेल तेथे तेवढे घ्यावे, हाच या व्यापाराचा पहिल्यापासूनचा धर्म आहे.

या धर्माचा लाभ कोणाला झाला, ते इतिहास सांगतो. पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसची पाथे ही जगातली सर्वांत मोठी चित्रपट कंपनी होती. युद्धात युरोपातले चित्रपटनिर्मितीचे काम विस्कळीत झाले, बाजार तुटले आणि ती जागा अमेरिकेने घेतली. अमेरिकेचा घरचा बाजारच एवढा विस्तीर्ण की चित्रपटाचा बहुतेक खर्च तेथेच वसूल व्हावा. मग लंडन, पॅरिस वा मुंबईच्या वितरकास तो चित्रपट अशा भावात देता येई की त्या भावात स्थानिक निर्मात्याला स्वतःचा चित्रपट काढणे परवडू नये. यात अमेरिकन चित्रपटाचे गुण नव्हते असे नाही. पण गुणांच्या पाठीशी हे गणित उभे होते.

आता मोजमापाचा प्रश्न. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली, तेव्हा प्रवेशमूल्य एक रुपया होते. त्या काळच्या गिरणीतल्या साध्या मजुराला हा रुपया दोन दिवसांच्या कमाईलाही जड होता. पुढे नॉव्हेल्टी नाट्यगृहात खेळ सुरू झाले आणि चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले. तेव्हा कोठे सामान्य माणसाचा पाय आत पडला. याचा अर्थ उघड आहे. दोन रुपयांच्या खुर्चीवर एक माणूस बसला आणि चार आण्यांच्या बाकावर आठ माणसे बसली, तर गल्ला दोन्हीकडे सारखाच. माणसे मात्र आठपट. एका गावात जे होते तेच देशादेशांत होते. श्रीमंत देशातले एक तिकीट गरीब देशातल्या अनेक तिकिटांच्या बरोबरीचे भरते. म्हणून डॉलरांत मांडलेली जगभरातली कमाई श्रीमंताचा हात अनेकदा मोजते आणि गरिबाचा एकदाही पुरता मोजत नाही. फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश पैशांऐवजी विकलेल्या तिकिटांच्या संख्येने सांगण्याची रीत आहे. ती आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

खिडकीवर पैसा जमला म्हणजे तो निर्मात्याच्या देशात पोचलाच, असेही नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटन कर्जात बुडाले होते. धान्य आणावयास डॉलर अपुरे, आणि अमेरिकन चित्रपटांच्या कमाईपायी डॉलर बाहेर जात होते. म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने परदेशी चित्रपटांच्या मिळकतीवर ७५ टक्के जकात बसविली. हॉलिवुडने नवे चित्रपट पाठविणेच बंद केले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर मालकांनी टाळेबंदी केली. सात-आठ महिन्यांत सरकार नमले. मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली: जकात रद्द, पण वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलर एवढीच मूळ रक्कम बाहेर न्यावयाची, उरलेली ब्रिटनमध्येच खर्च करावयाची. मग अमेरिकन कंपन्या तेथे येऊन चित्रीकरण करू लागल्या. प्रेक्षक तेच, तिकीट तेच, चित्रपट तेच. परंतु त्या गल्ल्याचे मोल एका कराराने बदलले.

फ्रान्समध्ये हाच झगडा निराळ्या रीतीने झाला. मे १९४६ मध्ये अमेरिकेकडून कर्जाची सवलत घेताना फ्रान्सने आपल्या चित्रगृहांची दारे सैल केली. दर १३ आठवड्यांपैकी फक्त ४ आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखून ठेवावयाचे, उरलेले सर्वांना मोकळे, असे ठरले. फ्रेंच चित्रपटांना काम मिळेना, तेव्हा जानेवारी १९४८ मध्ये नट, दिग्दर्शक आणि पडद्यामागचे कामगार पॅरिसच्या रस्त्यावर उतरले. त्या वर्षी करार बदलून ४ चे ५ आठवडे झाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक तिकिटावर एक जादा कर बसवून तो पैसा देशी चित्रपटनिर्मितीस देण्याची व्यवस्था झाली. अमेरिकन चित्रपटाला गर्दी झाली तरी तिच्यातला एक हिस्सा फ्रेंच चित्रपटाच्या पदरात पडू लागला.

ही झाली बलवानांची आणि सावधांची कथा. आता आपल्या चित्रपटांकडे वळू.

राज कपूरचा ‘आवारा’ हिंदुस्थानात १९५१ साली आला. १९५४ साली सोव्हिएट रशियात भारतीय चित्रपटांचा महोत्सव झाला. ‘दो बिघा जमीन’ही त्यात होता. त्याच वर्षी ‘आवारा’ तेथे सर्वत्र लागला. संवाद रशियन केले होते, गाणी हिंदीच ठेवली होती. त्या चित्रपटाची सहा कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. त्या वेळी सोव्हिएट संघाची लोकसंख्या १९ कोटींच्या सुमारास होती. एकाच माणसाने दोनदा-तीनदा पाहिला असेल हे धरले, तरी एवढ्या प्रमाणात परक्या देशाचा चित्रपट पाहिला जाणे ही साधी गोष्ट नव्हे. युद्धात ज्यांच्या घरातली माणसे गेली होती, अशा लोकांना बेघर, बिनबापाच्या पोराची ही कथा आपली वाटली. पुढे ‘बॉबी’ आणि ‘डिस्को डान्सर’ यांनाही तेथे सुमारे सहा-सहा कोटी प्रेक्षक लाभले.

या सहा कोटी तिकिटांचे भारतात काय आले? सोव्हिएट व्यवस्थेत चित्रगृहे सरकारी होती आणि परदेशी चित्रपटांची देवघेव सोवएक्सपोर्टफिल्म नावाची सरकारी संस्था करीत असे. ती चित्रपट उक्त्या किमतीत विकत घेई. उक्ते काम म्हणजे काय, हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही: ठरले तेवढे घ्या आणि चालू लागा. मग तो चित्रपट एक लाख लोकांनी पाहो की सहा कोटींनी; विकणाऱ्याचा त्या गर्दीशी संबंध उरत नाही. दोन देशांतला व्यवहारही १९५३ च्या व्यापार करारानुसार रुपयांत चाले, म्हणजे त्या लोकप्रियतेतून डॉलर येण्याचाही प्रश्न नव्हता. तिकीट स्वस्त, कारखान्यातल्या मजुराला परवडेल असे. लोकांच्या दृष्टीने हे उत्तमच होते. पण यामुळे ‘जगभरातली कमाई’ या कोष्टकात ‘आवारा’चे रशियातले यश शोधू गेल्यास हाती लागत नाही. माणसे होती, रक्कम नव्हती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ‘दंगल’चे. हा चित्रपट डिसेंबर २०१६ मध्ये भारतात लागला आणि ५ मे २०१७ रोजी चीनमध्ये. चीनला आपले चित्रपट नवे नव्हते. ‘आवारा’ तेथे १९५५ साली दाखविला गेला होता आणि सांस्कृतिक क्रांतीचे वादळ ओसरल्यावर पुन्हा लागला होता. परंतु त्या काळात चीनमध्ये चित्रपट हा सरकारी प्रचाराचा आणि स्वस्त करमणुकीचा विषय होता. २०१७ पर्यंत तो प्रचंड धंदा झाला होता. २०१६ अखेर तेथे ४१ हजारांहून अधिक पडदे होते. आपल्याकडे दहा हजारांच्या आत. ‘दंगल’ने तेथे सुमारे १२९ कोटी युआनचा गल्ला केला. भारतातल्या सर्व गल्ल्याच्या दुपटीहून तो अधिक होता. मुलींना कुस्ती शिकविणारा कडक बाप चीनमधल्या आईबापांना आणि मुलांना ओळखीचा वाटला, असे लिहिले गेले, आणि ते खरेही असेल.

पण आता डोकी मोजू. तिकीट सरासरी तीस ते पस्तीस युआन धरले तर ही तिकिटे चार कोटींच्या आसपास भरतात. म्हणजे ‘आवारा’ने रशियात याहून दीडपट तिकिटे विकली होती. एकाचे नाव कमाईच्या यादीत सर्वांत वर, दुसऱ्याचे यादीतच नाही. यात राज कपूर थोर की आमीर खान थोर, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. दोन वेशींवर दोन निरनिराळे कायदे उभे होते, एवढेच दाखवावयाचे आहे.

चीनचा कायदाही सरसकट मोकळा नाही. १९९४ साली तेथील सरकारने वर्षाला दहा परदेशी चित्रपट गल्ल्यातला वाटा देऊन घेण्यास आरंभ केला. ‘द फ्युजिटिव्ह’ हा त्यांतला पहिला. २००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला आणि ही संख्या वीस झाली. २०१२ साली अमेरिकेशी झालेल्या समझोत्याने ती ३४ वर गेली आणि परदेशी कंपनीचा वाटा गल्ल्याच्या २५ टक्क्यांवर ठरला. या यादीबाहेरचे चित्रपट उक्त्या किमतीत विकत घेतले जात. अमेरिकेत मात्र गल्ल्याचा सुमारे अर्धा भाग चित्रपट कंपनीकडे जातो. म्हणजे खिडकीवर पडलेला डॉलर सारखाच दिसला, तरी बीजिंगमधला डॉलर हा कंपनीच्या दृष्टीने न्यूयॉर्कमधल्या अर्ध्या डॉलरएवढा.

हे दोन अमेरिकन चित्रपटांवरून नीट ध्यानात येते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला २०१५ सालचा चित्रपट, ‘द फोर्स अवेकन्स’, याने अमेरिका-कॅनडात सुमारे ९३ कोटी ६० लाख डॉलर जमविले. चीनमध्ये साडेबारा कोटींच्या आत. कारण सोपे आहे. १९७७ साली जे अमेरिकन पोर बापाचे बोट धरून पहिला ‘स्टार वॉर्स’ पाहावयास गेले, ते आता आपल्या पोराला घेऊन आले. चीनमध्ये ते जुने चित्रपट त्या काळी चित्रगृहांत लागलेच नव्हते. आठवणच नाही तर ओढ कोठून येणार? उलट २०१६ सालचा ‘वॉरक्राफ्ट’ पाहा. संगणकावरच्या एका खेळावरून काढलेला हा चित्रपट अमेरिकेत ४ कोटी ७० लाख डॉलरांवर आपटला. चीनमध्ये, जेथे तरुणांची एक पिढी तो खेळ खेळत वाढली होती, तेथे त्याने २१ कोटींहून अधिक मिळविले. येथे आवडनिवड आहे, हे आम्ही मान्य करतो. तीही इतिहासाने घडविलेली. पण वाटा लावून पाहा. खिडकीवर चीनचा आकडा साडेचार पट मोठा; अर्ध्या आणि चतुर्थांशाच्या नियमाने हाती येणारा पैसा जेमतेम सव्वादोन पट. त्या चित्रपटाचा नुसता निर्मितिखर्च १६ कोटी डॉलर होता. तेव्हा वर्तमानपत्रातले ‘तुफान यश’ कंपनीच्या वहीत तसे उतरेलच असे नाही.

आमच्या कामगार बंधूंना हा प्रकार पूर्वपरिचित आहे. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्या बोनसच्या तंट्यात अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून आधी घसारा वजा करा, यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणाची तरतूद वजा करा, कर वजा करा, भांडवलावरचा परतावा वजा करा. मग जी शिल्लक उरेल तिच्यावर बोनसचा विचार. तेव्हापासून गेटवरच्या सभेत प्रत्येकाला कळून चुकले की भांडण ढोबळ नफ्याच्या आकड्यावर नसते, वजाबाकीच्या एकेका कलमावर असते. चित्रपटाचा गल्ला हा असाच ढोबळ आकडा आहे. त्यातून करमणूक कर किंवा त्याच्या जागी आलेला कर जातो, चित्रगृहाचा वाटा जातो, वितरकाचा जातो, प्रचाराचा खर्च जातो. ज्याने तो चित्रपट घडविला, त्याच्यापर्यंत या वजाबाकीतून काय झिरपते, हा खरा प्रश्न होय.

‘आवारा’च्या शीर्षकगीताचे उदाहरण घ्या. मॉस्कोपासून ताश्कंदपर्यंत जे गाणे लोक अर्थ न कळताही गुणगुणत, ते शैलेंद्रांनी लिहिले. हे शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यातले कामगार होते. संपाच्या मोर्च्यांतून आजही दिली जाणारी एक घोषणा त्यांच्याच लेखणीतून उतरली आहे. माटुंग्याच्या एका कामगाराचे शब्द सहा कोटी तिकिटांपर्यंत पोचले. पण त्या काळी चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गीतावर कवीचा पुढे काही हक्क राहतो, असे धंद्यात कोणी मानीत नसे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही, करारात वेगळे ठरले नसेल तर मालकी निर्मात्याची, असाच निकाल दिला. कवीच्याही नशिबी उक्तेच काम! २०१२ साली कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा असा हक्क मिळाला की जो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. मात्र त्या कायद्यातही एक अपवाद ठेवला आहे: चित्रगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते, त्याला हा हक्क लागू नाही. म्हणजे गल्ल्याची खिडकी अजून बंदच.

अमेरिकेतल्या कामगारांनी हीच लढाई आधी सुरू केली होती. १९६० साली तेथील लेखक आणि नट संपावर गेले, कारण चित्रगृहासाठी काढलेले चित्रपट दूरचित्रवाणीला विकले जात आणि त्यातले त्यांना काही मिळत नसे. नटांच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर संपांविषयी त्यांचे वर्तन कसे होते, हे सर्वश्रुत आहे. त्या संपातून पुढील चित्रपटांच्या विक्रीत वाटा मिळाला. २०२३ साली पुन्हा तेच. लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर राहिले. आता चित्रपट इंटरनेटवरून एकाच दिवशी अनेक देशांत पोचतो, खिडकी नाही, तिकीट नाही, आणि किती लोकांनी पाहिला हे कंपनीखेरीज कोणाला ठाऊक नाही. लेखकांनी इतर मागण्यांबरोबर पाहण्याचे आकडे आम्हांस दाखवा अशी मागणी केली आणि ती काही प्रमाणात मिळविली. परदेशातल्या ग्राहकांच्या संख्येशी मोबदला जोडून घेतला. जो आकडा कामगाराला पाहता येत नाही, त्यावर त्याला वाटा मागता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून मित्रहो, यापुढे ‘अमुक चित्रपटाची जगभरात इतकी कमाई’ असे वाचाल तेव्हा आनंद अवश्य माना. आपल्या माणसाचे काम परक्या देशात पाहिले जाते याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु त्या आकड्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नका. ही रक्कम किती माणसांची? तिच्यातली किती त्या देशाची वेस ओलांडून बाहेर आली? आणि जी आली, ती दिवा धरणाऱ्या, शिवण घालणाऱ्या, शब्द लिहिणाऱ्या हातांपर्यंत किती पोचली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते, दुसऱ्याचे करारांत. तिसऱ्याचे उत्तर मात्र संघटनेखेरीज आजवर कोणाला मिळालेले नाही.